जुने भरतकाम केलेले टेबलक्लॉथ आणि अभ्रे: कापावेत का, आणि कसे?

कृष्णाकाठ (सांगली)

लोखंडी ट्रंकेत बरीच वर्षं घडी करून ठेवलेलं सामान आहे. मॅटीचे (मोजून टाके घालता येतील अशा जाडसर विणीच्या कापडाचे) तीन टेबलक्लॉथ (क्रॉस स्टिच), पॉपलीनचे सहा अभ्रे (साखळी टाका, गाठीचा टाका) आणि क्रोशाची लेस लावलेला एक ट्रेक्लॉथ. घड्यांवर पिवळे पट्टे पडलेत, दोन ठिकाणी गंज आहे, एका अभ्र्यावर हळद. एका टेबलक्लॉथला मधोमध चार इंचांचं भोक आहे. लाल दोऱ्याचा रंग जाईल अशी भीती वाटते. यातून सोफ्याच्या उशांचे अभ्रे आणि एखादी पिशवी करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

टाका-दोरा (सातारा)

कात्री बाजूला ठेवा, आधी धुणं. ओल्या पांढऱ्या कापडाला थोडा साबण लावून ते लाल दोऱ्यावर मागच्या बाजूने मिनिटभर दाबून धरा. कापडावर रंग उतरला, तर तो नग भिजत घालायचा नाही. गार पाण्यातून पटकन काढायचा, टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपायचं आणि सपाट वाळवायचा. ओला बोळा करून ठेवलात की लाल रंग पांढऱ्यात गेलाच म्हणून समजा.

गंज सगळ्यात आधी काढा. कपभर गरम पाण्यात चहाचा एक चमचा लिंबूसत्त्व विरघळवून फक्त डागावर लावा, अर्ध्या तासाने धुवा, गरज पडली तर पुन्हा करा. नंतर पाणी तीन-चार वेळा बदलून खळबळा, कारण आम्ल राहिलं आणि वरून इस्त्री फिरली की सूत कमजोर होतं. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको. गंज जात नाही आणि सूत मात्र खाल्लं जातं.

पिवळ्या पट्ट्यांसाठी ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेली, सोडियम परकार्बोनेटची पावडर): चार लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, चार ते सहा तास. हे फक्त रंग पक्का असलेल्या सुती नगांना. गंज आधी काढायचा तो यासाठीच. लोह राहिलं तर ब्लीचची क्रिया त्या जागी इतकी जोरात होते की भोक पडतं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर शेवटचं पाणी गाळलेलं आणि शुद्ध केलेलं घ्या.

हळदीला साबण लागला की डाग लालभडक होईल, घाबरू नका. हळद क्षारात लाल होते. साबण पूर्ण धुऊन काढा आणि ओलं कापड उलट्या बाजूने उन्हात घाला, डाग उन्हाने उडतो. शेजारच्या भरतकामावर जाड फडकं टाका, नाहीतर दोरेही विटतील.

शिवणघर (मिरज)

धुऊन झालं की प्रत्येक नग उजेडासमोर धरा. घडीच्या रेघेवर विरळ दिसतंय का बघा आणि तिथेच हलकं ओढा. फाटल्यासारखा आवाज आला तर त्या भागाची पिशवी करू नका, वजन पेलणार नाही.

१६ इंची उशीसाठी पुढचा भाग १७ बाय १७. नक्षी मध्यावर घेऊन खडूने आखा. कापण्याआधी रेघेच्या आत पाव इंचावर बारीक टाक्याची टीप मारा. हे बहुतेक जण विसरतात. भरतकामाचा दोरा कापला गेला की टाके मागे मागे उसवत जातात, ती टीप त्यांना अडवते. क्रॉस स्टिचमध्ये तर हे फारच लवकर होतं, आणि मॅटीच्या कडाही सुटतात.

मागच्या बाजूला १७ बाय १२ चे दोन तुकडे. प्रत्येकाची एक १७ इंची कड अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिवा. मग ते एकमेकांवर पाच इंच चढतात आणि चेनची गरज राहत नाही. नवं कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात मागची बाजू आटते आणि जुनी नक्षी चुण्या पडून उभी राहते. मशीनला पॉपलीनसाठी ११ नंबरची सुई, मॅटीला १४.

फ्युजिंग (इस्त्रीने चिकटवायचं अस्तर) लावू नका. ते परत निघत नाही आणि धुतल्यावर फुगे येतात. आतून जुन्या सुती साडीचं अस्तर हाताने टाचा, तेवढा आधार पुरतो.

हळदीकुंकू (सांगली)

डाग पूर्ण गेले नाहीत तर सगळंच चहाच्या पाण्यात बुडवून बदामी करता येईल ना?

टाका-दोरा (सातारा)

ताई, गंज उरला असेल तर नको. चहातलं टॅनिन आणि लोह मिळून काळपट-करडा रंग होतो आणि फिकट डाग ठळक दिसायला लागतो. त्यापेक्षा डागावर क्रोशाचं फूल किंवा त्याच टेबलक्लॉथच्या कोपऱ्यातला वेल बसवा.

वाकळवाली (वाई)

भोकवाला टेबलक्लॉथ वाकळीला द्या. भोकाच्या बाजूचं सगळं चांगलं असतं. नक्षीचे चौकोन काढा, कडा अर्धा इंच आत दुमडा आणि सुती साडीच्या तीन-चार थरांवर टाचा. धावदोरा बाहेरच्या कडेपासून आत आत घालत न्या, ओळींमध्ये बोटभर अंतर. नक्षीपाशी आलात की तिला वळसा घाला, भरतकामावरून धावदोरा नेला की ते दबतं आणि गाठीचे टाके तुटतात.

सुटलेले टाके भरताना दोऱ्याचा रंग पुढच्या बाजूशी जुळवा. मागचा रंग मूळचा, गडद असतो. त्याच्याशी जुळवला की दुरुस्ती लांबून दिसते. सहा पदरांतले दोनच पदर घ्या.

कृष्णाकाठ (सांगली)

दोन अभ्र्यांच्या लाल दोऱ्याचा रंग ओल्या कापडावर उतरला, बाकीचे पक्के निघाले. ट्रेक्लॉथची लेस काढून पिशवीच्या तोंडाला लावली तर चालेल का?

शिवणघर (मिरज)

चालेल. उलट्या बाजूने एक-एक टाका उसवा, ओढू नका. लेस आधी धुऊन टॉवेलवर टाचण्यांनी ताणून वाळवा आणि त्यानंतरच माप घ्या, क्रोशा धुतल्यावर आखडतो. पिशवीचे बंद लेसवर नाही, आतल्या अस्तरावर शिवायचे.