मिरगीच्या गोळीने मुलगा चिडखोर झाला आहे. गोळी बंद करावी का?

प्रश्न (आई, दारव्हा तालुका)
माझ्या 9 वर्षांच्या मुलाला मिरगी आहे. उन्हाळ्यापासून लेव्हेटिरासिटाम सुरू आहे आणि झटके थांबले आहेत, मात्र स्वभाव पार बदलला. भाजीत मीठ कमी पडले तरी ताट ढकलतो, धाकट्या बहिणीवर हात उगारतो आणि थोड्या वेळाने आजीच्या पदराआड जाऊन रडतो. दवाखान्यात ‘झटका आला का?’ एवढेच विचारतात, आम्ही ‘नाही’ म्हणतो आणि गोळ्या घेऊन निघतो. सासूबाई म्हणतात, गोळी सोडा, बाहेरचे काही असेल तर पाहा. हा दोष आजाराचा की औषधाचा?

उत्तर (औषधनिर्माता, आर्वी)
ताई, गोळी एकाएकी बंद करू नका. तसे केल्यास झटके उलटून येतात आणि कधी कधी एकामागून एक येत थांबतच नाहीत. चिडचिड व आक्रमकपणा हा लेव्हेटिरासिटामचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे आणि तो मुलांत जास्त दिसतो, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. वागणूक कधी बदलली आणि डोस कधी वाढला, हे तारखेसह वहीत लिहून डॉक्टरांसमोर ठेवा. ते डोस कमी करू शकतात किंवा औषध हळूहळू बदलू शकतात. अर्थात दुसरे औषधही निर्धोक नसते: फेनोबार्बिटोननेही मुले चिडखोर व चंचल होतात, व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, आणि लॅमोट्रिजिन मनाला तुलनेने सोसणारे असले तरी अंगावर गंभीर पुरळ येण्याच्या भीतीमुळे ते फार सावकाश वाढवावे लागते. ‘जगावेसे वाटत नाही’ असे मुलगा बोलला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांकही जवळ असू द्या.

उत्तर (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, चिखलदरा तालुका)
सगळा दोष गोळीवर टाकू नये, असे मला वाटते. मिरगी असलेल्या मुलांत उदासी आणि भीती इतर मुलांपेक्षा अधिक आढळते, आणि त्यात आपल्या वागण्याची भर पडते. आमच्या वर्गातील एका मुलीला खो-खो बंद, सहल बंद, बाकही वेगळा. ती कुणाशी धड बोलेना, तेव्हा घरच्यांनी औषधाला बोल लावला. खेळायला घेतल्यावर ती बरीच मोकळी झाली, जरी सकाळच्या तासाला गुंगी राहतेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते आणि झटक्यांचे विकार त्याच्या तपासणीच्या यादीत आहेत; पथकातील डॉक्टरांना वागणुकीबद्दलही सांगा, ते पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवू शकतात.

प्रश्नकर्ती
वही सुरू केली आहे, गोळीही चालू आहे. एक विचारते: पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला त्याला नाल्यावर जायचे आहे. पाठवू का?

उत्तर (औषधनिर्माता, आर्वी)
झटके थांबले असले तरी डॉक्टरांना एकदा विचारा. ते हो म्हणाले तर पाणी गुडघ्याच्या वर नसावे, आणि पोहता येणारा मोठा माणूस हात पोहोचेल इतका जवळ उभा असावा. काठावर बसून लक्ष ठेवणे पुरेसे नाही. झटका आलाच तर आधी पाण्याबाहेर काढून कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. झटका 5 मिनिटांहून लांबला किंवा नाकातोंडात पाणी गेले, तर थेट दवाखाना गाठावा. आणि त्या दिवशीची गोळी घाईत चुकवू नका.