सफोकमधलं डनिच: आईबाबांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

मृण्मयी_इप्सविच:
आईबाबा जूनमध्ये पुण्याहून येतायत. आई शाळेत इतिहास शिकवायची. लंडन झालं की तिला एखादं जुनं गाव बघायचंय. ऑफिसात सगळे साउथवोल्ड सुचवतात. नकाशात त्याच्या थोडं खाली मला डनिच दिसलं. मध्ययुगात मोठं बंदर होतं आणि समुद्राने गिळलं म्हणतात. पण फोटोंत पडक्या भिंती आणि किनाऱ्यावरचे गोटे, बाकी काही नाही. पन्नासेक किलोमीटर जाऊन आईचा विरस तर होणार नाही ना? बाबांचे गुडघे दुखतात, तेही लक्षात घेऊन सांगा.

नॉर्विचवासी:
नक्की न्या. मी इथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला डनिचला नेतो. फक्त आल्या आल्या समुद्रावर जाऊ नका, आधी गावातलं छोटं म्युझियम बघा. तिथे मध्ययुगीन डनिचची प्रतिकृती आहे. चर्च, बाजार, बंदर, सगळं. आईंना त्या प्रतिकृतीत आजचा किनारा कुठून जातो ते शोधायला सांगा. जवळजवळ अख्खं गाव रेघेच्या पलीकडे, पाण्यात आहे!

एका रात्रीत गाव बुडालं असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. 1286 च्या वादळाने मोठा तडाखा दिला, पण खरा घाव 1328 चा. त्या वादळात गोट्यांचा दांडा सरकला आणि बंदराचं तोंड बुजलं. नदीने उत्तरेला वॉल्बर्सविकच्या बाजूला वाट काढली, जहाजं तिकडे जाऊ लागली आणि जकात कुणाची यावरून शेजारच्या गावांशी पिढ्यान् पिढ्या भांडणं चालली. बंदर गेलं, पैसा गेला, आणि पैसा नाही म्हटल्यावर समुद्राला अडवणार कोण? 1347 मध्ये आणखी सुमारे 400 घरं गेली. इथला कडा वाळू-खडीचा आहे. लाटा पायथा खातात, मग वरचं ढासळतं. हे शतकानुशतकं चाललंय.

ऑल सेंट्स चर्च तर परवापरवापर्यंत होतं. 1904 ला कड्यावरून कोसळायला लागलं, मनोरा 1919 मध्ये गेला. मधल्या वर्षांची पोस्टकार्डं ओळीने बघितली की पोटात कालवतं. आज भिंत, उद्या अर्धी भिंत. त्याच्या दफनभूमीतली हाडं पुढेही कड्यातून बाहेर येत होती.

आणि आईंना हे जरूर सांगा: गाव असं झिजत असतानाही डनिच पार्लमेंटमध्ये दोन खासदार पाठवत होतं, 1832 च्या निवडणूक सुधारणा कायद्यापर्यंत. शेवटी मतदार उरले होते 32! तेव्हा मँचेस्टरसारख्या शहराला स्वतःचा एकही खासदार नव्हता. इतिहासाच्या शिक्षिकेला वर्गात सांगायला याहून बोलकं उदाहरण मिळणार नाही.

खारा_वारा:
वादळी रात्री पाण्याखालून चर्चच्या घंटा ऐकू येतात म्हणे? आणि पाणबुडे उतरतात का तिथे?

नॉर्विचवासी:
घंटांची दंतकथा गावात सगळ्यांना पाठ आहे. पण मनोरा कड्यावरून ढासळत खाली येतो, त्यात घंटा टांगलेली राहणार कशी? पाणबुडे मात्र 1970 च्या दशकापासून उतरतायत. पाणी इतकं गढूळ की हातावरचंसुद्धा धड दिसत नाही, सगळं चाचपडत. पुढे साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या लोकांनी ध्वनिलहरींनी तळ तपासला आणि चर्चच्या अवशेषांच्या जागा नकाशावर आणल्या. मला दंतकथेपेक्षा हे जास्त भारी वाटतं.

लोस्टॉफ्टची_वैदेही:
मृण्मयी, गुडघ्यांचं मी सांगते, माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते. किनारा सगळा गोट्यांचा, पाय रुततो आणि घसरतो. काकांना तिथे चालायला लावू नकोस, कार पार्कजवळूनच समुद्र दिसतो. ग्रेफ्रायर्सच्या भिंती मात्र दाखव. फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता, त्यांची पहिली जागा धोक्यात आली म्हणून 1290 मध्ये आत हलवला. आता कडा तिथवर पोचत आलाय. सेंट जेम्स चर्चच्या आवारातही जा. कुष्ठरोग्यांच्या जुन्या प्रार्थनाघराचा अर्धगोल भाग अजून उभा आहे, आणि ऑल सेंट्सचा एक दगडी टेकू उचलून तिथेच आणून ठेवलाय.

कड्याच्या काठाशी उभं राहू नका आणि त्याच्या पायथ्याशीही बसू नका. पावसानंतर तर अजिबात नाही.

मृण्मयी_इप्सविच:
खूप आभार दोघांचे! 32 मतदारांचं आईला फोनवर सांगितलं, ती आत्तापासूनच प्रश्न विचारतेय. ट्रेनने जमेल का, की गाडीच बरी?

लोस्टॉफ्टची_वैदेही:
गाडीच घे. जवळचं स्टेशन डार्शम, पण तिथून पुढे टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते. आणि म्युझियम वर्षभर उघडं नसतं, निघण्याआधी वेळा बघून घे.