भयपटातला एकच शॉट पुन्हा पुन्हा बघणं: रसिकपणा की भीतीची माती?

गढीवरचा, अंबाजोगाई

रविवारी रात्री घरी आम्ही चौघं 'द एक्झॉर्सिस्ट ३' बघत बसलो होतो. १९९० चा सिनेमा आहे. दवाखान्याच्या कॉरिडॉरचा प्रसंग संपला, मी रिमोट उचलून मागं घेतला, पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा मागं घ्यायला लागलो तसे दाजी चिडले. "पिक्चर बघायलाव का पेपर तपासायलाव?" म्हणाले. तो वाद अजून मिटलेला नाही, म्हणून इथं मांडतो.

प्रसंग असा आहे. रात्रपाळी चालू आहे. लांबलचक कॉरिडॉरच्या एका टोकाला कॅमेरा ठेवलाय आणि तो हलतच नाही. पार तिकडच्या टोकाला एकटी नर्स, बोटाएवढी दिसते. ती उठते, बसते, दारं बघते. पोलीस येतो, निघून जातो. मध्ये एकदा ती एका खोलीत जाते आणि आपल्याला दचकवतात, पण ते फसवं निघतं. आपण सैल पडतो. परत तोच कॉरिडॉर, कॅमेरा त्याच जागी. नर्स एक दार ओढून वळते, चालायला लागते आणि तिच्या अगदी पाठीला लागून पांढऱ्या कापडातली एक आकृती मोठी कात्री धरून बाहेर येते. इथं कॅमेरा पहिल्यांदा झेपावतो. पुढचं काहीच दाखवलेलं नाही, थेट मुंडकं नसलेल्या पुतळ्यावर कट.

पूर्ण सिनेमा चांगला आहे असं मी म्हणणार नाही. सिनेमा काढणाऱ्या कंपनीच्या हट्टामुळं शेवटाला भूत उतरवायचा प्रसंग घुसडलाय, तो उपरा वाटतो. पण या एका शॉटसाठी मी तो सिनेमा आयुष्यभर जपून ठेवीन.

का, ते सांगतो. लहानपणी वडिलांबरोबर ज्वारीच्या जागलीला जायचो. माळ्यावर बसून अंधारात एकाच ठिकाणी टक लावून बघत राहिलं की थोड्या वेळानं बांधावरची बाभूळ हलायला लागते. हललेली नसते, पण दिसते. वडील म्हणायचे, एका जागी नजर रोवू नको. त्या शॉटनं माझी नजर तशीच रोवून ठेवली. एरवी कुठं बघायचं ते सिनेमा सांगतो. इथं कुणीच सांगत नाही. प्रत्येक दारावर मीच पहारा देतो आणि नको तिथून ते येतं. ही भीती त्या भुताची नव्हेच. कॅमेरा कुठं ठेवायचा आणि किती वेळ हलवायचा नाही हे कुणीतरी ठरवलं, त्याची आहे. त्या ठरवण्याला दाद द्यायला आपण कधी शिकणार? गाण्यातल्या एका जागेला "वाहवा" म्हणतो, मग भयपटातल्या एका शॉटला का नाही?

उदगीरकर

दाजींचं बरोबर आहे. तुम्ही करूलालाव ते रसग्रहण नाही, शवविच्छेदन आहे. भीती ही एकदाच येणारी गोष्ट. थांबवलं, मागं घेतलं, किती सेकंद ते मोजलं की मेली.

दुसरं, भीतीचा आणि डोळ्यांचा संबंध तुम्हाला वाटतो तेवढा नाही. आमची आजी माळवदावर झोपताना हडळीची गोष्ट सांगायची. तिच्याकडं कुठला आला कॅमेरा? आवाज खाली आणायची, मध्येच थांबायची आणि खाली गोठ्यात वासराच्या गळ्यातली घंटी वाजली की आम्ही पाचही पोरं एका वाकळीत.

सिनेमातसुद्धा हेच आहे. 'सायको' मधल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला संगीत नको, असंच दिग्दर्शक हिचकॉकचं मत होतं. संगीतकार हर्मनने तरी व्हायोलिनं घालून दाखवली आणि त्याला मत बदलावं लागलं. आज लोकांना आठवतो तो आवाज. आपल्याकडं १९४९ चा 'महल' घ्या. 'आयेगा आनेवाला' च्या ध्वनिमुद्रणाला लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडं चालत आल्या होत्या. कुणीतरी लांबून येऊलालंय हा भास तिथं तयार झाला, कॅमेऱ्यात नाही. तुमचा कॉरिडॉर एकदा आवाज बंद करून बघा आणि मग बोला.

फोटोवाला, जालना

काका, 'महल' चा अर्धाच हिशेब मांडलात. त्याचा कॅमेरा जोसेफ विर्शिंगनं केला होता, बॉम्बे टॉकीजमध्ये आलेला जर्मन माणूस. मधुबाला झोपाळ्यावर दिसते तेव्हा तिच्याभोवती उजेड किती आणि काळोख किती ठेवलाय ते बघा. गाणं लांबून येतं, आणि ती दिसूनही हाताला लागत नाही. दोन्ही मिळून ते भूत झालंय.

मी लग्नाची शूटिंग करतो, वीस वर्षं झाली. अंधार दाखवायला किती उजेड लागतो हे बघणाऱ्याला कळत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी हौसेखातर दहा मिनिटांची भुताची फिल्म केली, एका पडक्या वाड्यात. आजीबाई कंदील घेऊन जिन्यानं उतरते, एवढाच शॉट होता. पहिल्या वेळी कंदिलाची काच नुसती पांढरा गोळा झाली आणि आजीबाईचं तोंड काळं ठिक्कर. कॅमेऱ्याचा उजेड वाढवला तर भिंतीचे पोपडे दिसायला लागले आणि भुताचा वाडा नुसता जुना वाडा झाला. शेवटी कंदिलाच्या मागच्या बाजूला, तिच्या अंगाकडं तोंड करून छोटा एलईडी चिकटवला, त्यावर पिवळा कागद लावला. जिन्याच्या तोंडाशी कणगीमागं अजून एक दिवा ठेवला, अगदी मंद. पहाटे ४ ला शॉट मिळाला. तेव्हापासून मी कुठलाही अंधारा शॉट बघितला की आधी विचारतो, दिवा कुठं लपवलाय?

'हॅलोवीन' (१९७८) तीन-सव्वातीन लाख डॉलरांत केलेला, त्यांच्याकडच्या हिशेबानं गरिबाचा सिनेमा. त्यात ती पोरगी दाराच्या चौकटीला टेकून रडते, मागं नुसतं काळं भगदाड. बघता बघता त्या काळ्यातून खुन्याचा पांढरा मुखवटा उमटतो. कुणी चालत आलेलं नाही, तो आधीपासून तिथंच उभा आहे. डीन कंडी या कॅमेरामननं बारीक दिवा डिमरवर ठेवून हळूहळू वाढवला, बस. पंख्याचा रेग्युलेटर फिरवावा तसं. उजेड होतोय आणि भीती वाढतेय, हे मला त्या शॉटनं शिकवलं.

आणि कारागिरी काढून टाकली तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. दिग्दर्शक मुर्नाऊचा 'नोस्फेराटू', १९२२ चा मूकपट. रात्रीचे प्रसंग दिवसाढवळ्या काढले होते, कारण त्या काळच्या फिल्मला रात्र झेपायची नाही. नंतर प्रतीला निळा रंग दिला की रात्र. आज फुकटात मिळणाऱ्या बऱ्याच प्रतींत तो निळा रंगच नाही. मग ते भूत भर उन्हात शवपेटी काखेत घेऊन गावातून चालतं आणि पोरं हसतात. गोष्ट तीच, भूत तेच. एक रंग गेला आणि भीती गेली.

सेलूची लेक

सगळे प्रतिसाद वाचले. शॉट कसा काढला हे फोटोवाले भाऊंनी छान सांगितलं, पण काय काढलं हे कुणी विचारतच नाहीये.

'सायको' च्या न्हाणीघराच्या प्रसंगाचं कौतुक मी कॉलेजात असल्यापासून ऐकते. ७८ वेळा कॅमेऱ्याची जागा बदलली, ५२ कट, आठवडाभर शूटिंग. ऐकून घ्यायची आणि मनात यायचं, एका उघड्या बाईला मारण्याचे तुकडे आपण मोजतोय. ऐंशीच्या दशकातल्या हिंदी भुताच्या सिनेमांत तर भूत यायच्या आधी बाई आंघोळीला जाणार हे ठरलेलंच. तिथला उजेड फार काळजीनं केलेला असायचा. त्यालाही कारागिरीच म्हणायचं का? शॉट सुंदर आहे एवढं म्हणून मला पुढं जाता येत नाही.

मला घाबरवलं ते 'लपाछपी' नं, २०१७ चा मराठी सिनेमा. भर दिवसाचा ऊस. गरोदर बाई त्यात शिरते आणि तिला वाट सापडत नाही. आमचं माहेरचं शेत कॅनॉललगत आहे, ऊस काय असतो ते मला माहीत आहे. आत गेलं की चार पावलांवरचं दिसत नाही, पाचट पायाखाली वाजते आणि आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटतो. पात कापते. दुपारी बाराला सुद्धा आत हिरवा अंधार असतो. आई मला एकटीला कधी उसात जाऊ द्यायची नाही, आणि ती भुताला घाबरत नव्हती. तो सिनेमा बघताना मला आईचा चेहरा आठवला. ज्या पोरींना जन्मू दिलं नाही, जगू दिलं नाही त्यांची ती गोष्ट आहे, आणि हे सगळं त्या उसाच्या शॉटमध्ये शिरलंय. म्हणून तो शॉट मोठा. अँगलमुळं नाही.

गढीवरचा, अंबाजोगाई

ताई, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. 'सायको' बद्दल तुमचं म्हणणं मी आजवर मनात आणलं नव्हतं, हे मान्य करतो. तो प्रसंग इथून पुढं मी तुमचा प्रश्न सोबत घेऊनच बघीन.

पण उसाबद्दल थोडा वाद घालतो. गोष्ट तीच ठेवून हेलिकॉप्टरसारखा वरून ऊस दाखवला असता तर? हिरवागार, वाऱ्यावर डुलणारा. तुम्हाला आईचा चेहरा आठवला असता का? कॅमेरा बाईच्या खांद्याच्या उंचीला राहिला, उसाच्या आत राहिला आणि आभाळ तोडलं, म्हणून तुमची दुपार पडद्यावर आली. अँगल म्हणजे शेवटी कोण बघतंय हेच की. आईच्या डोळ्यांनी बघितलं की मालकाच्या.

'द इनोसन्ट्स' (१९६१) बघितलात का? त्यातही दिवसाचंच भूत आहे. तळ्यापलीकडं, लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली बाई नुसती उभी. कंपनीनं रुंद पडदा लादला होता आणि एवढ्या रुंदीत भीती पातळ होणार, म्हणून कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिसनं फिल्टरच्या कडा हातानं रंगवून पडद्याच्या दोन्ही बाजू काळवंडून टाकल्या. मेणबत्ती घेऊन बाई चालते तेव्हा अंधार दोन्हीकडून तिच्या अंगावर येतो.

उदगीरकर काका, तुमचं आव्हान घेतलं. कॉरिडॉर आवाज बंद करून बघितला. आकृती बाहेर येते तो क्षण निम्मा झाला, खोटं बोलणार नाही. ती आवाजाची किंचाळी नसली की धक्का बसत नाही, फक्त दिसतं. पण त्याच्या आधीचं बघणं तसंच राहिलं. उलट मुकं झाल्यावर दारं जास्त जड वाटली. मग उलटंही केलं. शेजारच्या खोलीत बसून नुसता आवाज ऐकला. पावलं, दार, शांतता, पावलं, मग किंचाळी. दचकलो. पण आधीची वाट बघणं नव्हतं, कारण कशाची वाट बघायची तेच कळत नव्हतं.

मांजराकाठ, लातूर

मी दोन्ही बाजूंचा नाही. वडील सहलीला देवगिरी किल्ल्यावर घेऊन गेले होते, मी चौथीत. तिथल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, मशालवाला पुढं, आम्ही मागं, वर वटवाघळांचा वास. मध्येच त्यानं मशाल पाठीमागं धरली. नुसता काळोख. मग ती एका भगदाडाकडं नेली आणि म्हणाला, शत्रू इथून खाली पडायचा. माझा पाय तिथून हातभर लांब होता. मी वडिलांचा शर्ट सोडला नाही. मोठेपणी पोराला घेऊन गेलो तेव्हा मी फक्त मशालवाल्याच्या हाताकडं बघत होतो. कधी मागं घेतो, कधी पुढं करतो. भीती वाटली नाही, पण त्या माणसाविषयी आदर वाटला. पोरगं मात्र माझा शर्ट धरून होतं.

वेरूळला २१ नंबरच्या लेण्यात सप्तमातृकांच्या खोलीत काल आणि काली कोरलेत, नुसती हाडं. बरगड्या मोजता येतात. कोरणाऱ्यानं माणसाला घाबरवायचं ठरवलं होतं आणि एकेक बरगडी नीट काढली होती. ती बघायला परत परत गेलं म्हणून काली कमी होते का?

उदगीरकर

मशालवाल्याचं पटलं. पण तुमच्याच बोलण्यातून माझा मुद्दा निघतो, पहिल्या खेपेला तुम्ही शर्ट धरला होता. हाताकडं बघायला लागला ते दुसऱ्या खेपेला. गढीवरच्यांनी पहिल्याच रात्री रिमोट उचलला. दाजींची पहिली खेप त्यांनी मोडली, आणि ती परत मिळत नसते. माझी तक्रार तेवढीच आहे.

आणखी एक. आमच्या इथल्या टॉकीजात मी २०२४ ला 'तुंबाड' पुन्हा लागला तेव्हा गेलो होतो. पंकजकुमारचा कॅमेरा, पाऊस, काळपट आभाळ, सगळ्यांनी सांगितलेलं. पडद्यावर काय दिसलं? राखाडी धूर. प्रोजेक्टरचा दिवा इतका मंद, त्यातली भुतासारखी आजी कुठं आणि भिंत कुठं कळेना. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, पिक्चरच अंधारा आहे. तरी मी शेवटपर्यंत बसलो, कारण तो पोरगा आजीला खाऊ घालायला जातो तेव्हा तिचा नुसता आवाज ऐकून मांडी घट्ट धरली होती. मला आवाजानं वाचवलं.

फोटोवाला, जालना

काका, ती आजी आणि नायक विनायकचा मुलगा पांडुरंग ही दोन्ही कामं एकाच पोरानं केलीत, मोहम्मद समदनं. चेहऱ्यावर तो सगळा थर चढवून. तुम्हाला मंद दिव्यामुळं तो दिसलाच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतंय. जालन्याला या, घरी नीट पडद्यावर दाखवतो.

गढीवरचा, अंबाजोगाई

काकांची तक्रार मान्य. दाजींची माफी मागितली. येत्या रविवारी 'द इनोसन्ट्स' लावतोय. पहिल्यांदा सलग, रिमोट दाजींकडं. पुढच्या रविवारी ज्याला यायचंय त्यानं यावं, तेव्हा मी थांबवत थांबवत बघणार.

सेलूची लेक

दुसऱ्या रविवारी मी येते. येताना 'लपाछपी' आणते, तो मात्र दुपारी बघू, खिडक्या उघड्या ठेवून.