गिटार पडली, तडकली, मोडली : दुरुस्तीचे अनुभव (नागपूरकरांसाठी)

खुंटीपीळ

जपलेली गिटार पडली की पुढच्या तासाभरात जे करू, त्यावर ती किती नीट जुळेल हे बरंचसं ठरतं. दुरुस्ती करणारे, शिकवणारे, स्टेजवर वाजवणारे, सगळ्यांनी लिहावं. आपली गिटार कुणी कशी पाडली ते राहू द्या. काय तुटतं, का तुटतं, कुठलं सामान लागतं, ते मापांसकट हवंय.

सुरुवात मी करतो. पहिलं काम तारा सैल करणं. अकूस्टिकला बारा-त्रेपन्नचा लाइट सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच, सगळ्यात जाड ०.०५३ इंच) लावलेला असेल तर सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो असतो. नेकला (मानेला) चीर गेली असेल तर हा ताण ती दर मिनिटाला उघडत राहतो. तारा ताणात असताना कापू नका, सगळ्या किल्ल्या थोड्या-थोड्या उलट फिरवा. मग फरशीवरचे कपचे वेचा, नखाएवढे बारीकसुद्धा, आणि कागदी पाकिटात ठेवा. तुटलेले दोन भाग "बसतात का बघू" म्हणून पुन्हापुन्हा जुळवू नका. दर वेळी तुटलेल्या टोकाचे धागे चेंगरतात आणि सांधा उघडा दिसू लागतो.

सहावीतार

हेडस्टॉक (मानेचं किल्ल्या असलेलं टोक) हाच का तुटतो, हे समजलं की बाकीचं सोपं जातं. गिब्सन पद्धतीत हेडस्टॉक मागे १७ अंशांच्या आसपास कललेला असतो आणि तो नेकच्या त्याच महोगनीच्या तुकड्यातून कापलेला असतो. त्यामुळे वळणाजवळ लाकडाचे रेषे आडवे, आखूड पडतात. त्यात नेमक्या त्याच जागी ट्रस रॉडच्या (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीच्या) नटासाठी खाच कोरलेली असते. म्हणजे सगळ्यात कमी लाकूड तिथेच. फेंडर पद्धतीचा हेडस्टॉक सपाट आणि नेक मेपलचा, त्यामुळे ती पडली तर बहुधा रंग उडतो किंवा किल्ली वाकते, मान क्वचित तुटते.

गिटार मागच्या बाजूला पडली तर धोका जास्त. भिंतीला किंवा खुर्चीला टेकवलेली गिटार घसरून पाठीवरच जाते. आणि केस बंद असतानाही मान तुटते! केस जमिनीवर आपटली की बॉडी थांबते, पण सहा किल्ल्यांचं वजन घेऊन हेडस्टॉक झटक्याने पुढे जातो. केसमध्ये नेकखाली, नटच्या (नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) अलीकडे, घडी केलेला टॉवेल ठेवा. हेडस्टॉकचं टोक मात्र कशालाही टेकलेलं नको.

इतवारी_बाजार

फेव्हिक्विक लावून नेली तर चालेल का? बाजारात लगेच मिळतं म्हणून विचारते.

पातळफळी

नाही, ताई. नेकच्या सांध्याला तर नाहीच. ते कडक आणि ठिसूळ होतं, लाकडाच्या रंध्रांत शिरून बसतं, आणि नंतर चांगला गोंद लावायला गेलं तर तो लाकडाला लागतच नाही. जुना गोंद खरवडताना लाकूडही निघतं. दुरुस्ती करणाऱ्याला ताजी, कोरी तूट मिळाली तर त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

पांढरा सुतारी गोंद फर्निचरला उत्तम, पण सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो, आणि गिटारीचा ताण कधीच सुटत नाही. नेकला पिवळा लाकडी गोंद (टाइटबाँड ओरिजिनलसारखा) किंवा गरम सरस. चीर स्वच्छ असेल आणि सगळे कपचे जागेवर असतील तर पद्धत अशी:

आधी गोंदाशिवाय शिकंजा लावून पाहा. हेडस्टॉकच्या दर्शनी बाजूला सपाट लाकडी ठोकळा, मागच्या बाजूला नेकच्या गोलाईचा, दोन्हींना आतून कॉर्क किंवा चामड्याचा तुकडा. मधे पॉलिथिन, नाहीतर ठोकळाच चिकटून बसतो. ट्रस रॉडच्या खाचेत गोंद जाऊ नये म्हणून तिथे मेण भरा. मग हेडस्टॉक अलगद तारांच्या बाजूला वाकवून चीर जेमतेम उघडा, इंजेक्शनच्या सिरिंजने गोंद सोडा आणि तीन-चार वेळा उघडमीट करून तो आतपर्यंत ओढू द्या. शिकंजा आवळला की सगळ्या बाजूंनी बारीक थेंब बाहेर यायला हवेत. जिथे थेंब नाही, तिथे गोंद पोचलेला नाही. ओल्या फडक्याने लगेच पुसा. २४ तास शिकंजा, त्यानंतर आणखी दोन दिवस तारा नाहीत.

नागपूरकरांनी एक लक्षात घ्यावं. हा गोंद उघड्यावर पाचेक मिनिटं काम देतो, पण मे महिन्याच्या दुपारी तेवढीही मिळत नाहीत. हे काम पहाटे करा.

खुंटीपीळ

@पातळफळी, दुसऱ्यांदा तुटलेल्या नेकचं काय? मिस्त्री लोक स्क्रू मारून देतात.

पातळफळी

स्क्रू तिथल्या आखूड रेषांत पाचरीसारखा शिरतो आणि नवी चीर पाडतो. दुसऱ्यांदा तुटलेल्या किंवा कपचे हरवलेल्या सांध्याला आधार लागतो. ट्रस रॉडच्या दोन्ही बाजूंना साधारण ६ मिमी रुंद, ७ ते ८ सेंमी लांब खाचा पाडून त्यात सरळ रेषांच्या लाकडाच्या पट्ट्या गोंदाने बसवतात. किंवा हेडस्टॉकच्या मागचं दीड-दोन मिमी लाकूड उतरवून तेवढंच जाड विनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) वळणावरून खाली नेकपर्यंत चिकटवतात. हे घरी करायचं काम नाही. ज्यांच्याकडे सितार-तंबोऱ्याचं काम होतं, त्यांचा सरसावर आणि पातळ लाकडावर हात बसलेला असतो. पण खाच पाडण्याआधी त्यांना ट्रस रॉड कुठून जातो ते दाखवा. तंबोऱ्यात तो नसतो.

कोमलगंधार

शिकवणाऱ्यांसाठी. मुलांची गिटार पडली आणि वरून काही दिसत नाही, म्हणून ती ठीक आहे असं समजू नका. ही तपासणी दहा मिनिटांची:

साउंडहोलमधून छोटा आरसा आत घाला, मोबाइलचा टॉर्च लावा आणि फळीखालच्या आडव्या-तिरक्या पट्ट्या बघा. बोटाच्या पेराने वरची फळी सगळीकडे टकटक करा. कुठे खरखर किंवा फाटका आवाज आला तर तिथली पट्टी सुटली आहे. ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा. आत गेला तर ब्रिज उचलला आहे, तारा सैल करा. मग सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबा. सातव्याजवळ तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिमीएवढी फट हवी. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची अडीच मिमी आणि पहिलीची दोन मिमीच्या आसपास असते. आधीपेक्षा उंची एकदम वाढली असेल तर नेक बॉडीशी जिथे जोडली आहे ती जागा बघा, बारीक चीर तिथे लपते.

वरच्या फळीची चीर रेषेच्या दिशेने जाते. ती दोन्हीकडून हलक्या हाताने दाबून मिटत असेल तर गोंद, आणि आतून स्प्रूसचे दीड-दोन सेंमीचे, दोन मिमी जाड चौकोन, त्यांचे रेषे चिरेला आडवे ठेवून. दर चार-पाच सेंमीवर एक पुरे. जास्त लावले तर फळी जड होते आणि आवाज दबतो. लॅमिनेट गिटारीत चीर कमी जाते, पण थर सुटून आत फुगा येतो.

नवतपा

कोरडी फळी म्हणजे आधीच ताणलेली फळी, हे कुणीच लिहिलं नाही. नागपुरात मे महिन्यात पारा कित्येकदा ४५ च्या आसपास जातो आणि हवेत ओल फारच कमी असते. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोरडं लाकूड रुंदीत आकसतं, फ्रेटची टोकं बोटांना टोचायला लागतात. ती टोचत असतील तर समजा, आता हलकासा धक्काही फळी फाडेल.

उपाय साधा आहे. साबणाच्या डबीला भोकं पाडायची, घट्ट पिळलेला ओला स्पंज त्यात ठेवायचा आणि डबी केसमध्ये हेडस्टॉकच्या बाजूला ठेवून केस बंद. मे महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी बघा. थेंब गळता कामा नये. कूलरच्या खोलीतली हवा गिटारीला एसीपेक्षा बरी, पण कूलरच्या झोतात उभी केली तर एक बाजू फुगते. पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका, संध्याकाळी ती भिंत तव्यासारखी होते. बंद गाडीत तर अर्धा तासही नको. जोडलेल्या नेकचा पिवळा गोंद त्या उष्णतेने मऊ पडतो. पावसाळ्यात उलटं, स्पंज काढून सिलिका जेल.

जॅकवाला

इलेक्ट्रिक गिटार बहुतेक वेळा पट्टा निसटून पडते, आणि केबल लावलेली असेल तर मार जॅकवर (केबल खोचतात त्या भोकावर) बसतो. प्लेट आत जाते, जॅकचा नट ढिला होतो, तार तुटते. २५ ते ३० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने परत लावता येते: उघडी जाळीदार तार स्लीव्हच्या पानाला, मधली टिपच्या पानाला. उलट लावली तर गुणगुण येते.

पट्ट्याच्या बटणाचं भोक सैल झालं असेल तर दोन-तीन टूथपिक गोंदात बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, वर उरलेलं कापा, २ मिमीचं भोक पाडून स्क्रू परत बसवा. इथे पांढरा गोंद चालतो. बटणावर पट्ट्याच्या बाहेरून घट्ट रबरी वायसर चढवा. केबल आधी पट्ट्यातून ओवून मग जॅकमध्ये, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी ओढ पट्ट्यावर जाते.

इतवारी_बाजार

भिंतीचा हूक गिटारीसकट खाली येतो, त्याचं?

सहावीतार

प्लगने फक्त प्लास्टर धरलेलं असतं. प्लास्टर १२ ते २० मिमीचं, त्यामुळे विटेत किमान तीन सेंमी प्लग जायला हवा. ८ मिमीचा प्लग, भोक ५० मिमी खोल, आतली धूळ फुंकून काढा. विटांच्या मधल्या सांध्यात भोक पडलं तर सांध्यापासून दोन इंच दूर सरका. हूक बसल्यावर दोन्ही हातांनी चांगला ओढून पाहा. हलला तर तिथे गिटार टांगू नका.