मदत हवी आहे: सीएसएस क्लासची नावं आणि फॉरमॅटिंग, तिघांत एकच पद्धत कशी आणायची?

लोअरपरळकर: लोकलचं वेळापत्रक दाखवणारी साइट आहे. सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) लिहिणाऱ्या आम्हा तिघांच्या तीन तऱ्हा: कुणी कॅमलकेस (शब्द जोडून, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल), कुणी हायफन, कुणी अंडरस्कोअर. बीईएम (ब्लॉक-एलिमेंट-मॉडिफायर ही नावं ठेवायची पद्धत) घ्यायचं ठरलं, तर स्टाइललिंट (सीएसएस तपासणारं टूल) 'फलाट__वेळ'वर एरर देतो. शिवाय '१५-डबा' क्लासला रंगच लागत नाही. (फाइलमध्ये सगळं रोमन लिपीत आहे.)

सेमीकोलन: स्टाइललिंटच्या स्टँडर्ड कॉन्फिगमधला 'सिलेक्टर-क्लास-पॅटर्न' फक्त केबाब-केस (लहान अक्षरं, शब्दांमध्ये एकेक हायफन) मानतो, म्हणून सलग दोन अंडरस्कोअर दिसले की अडवतो. नियम बंद करू नका, त्यातला रेजेक्स (नाव कसं असावं याचा नमुना) बदला: आधी ब्लॉक, मग हवं तर __एलिमेंट, मग हवं तर --मॉडिफायर.

'१५-डबा'चं कारण वेगळं. आकड्याने सुरू होणारं क्लासचं नाव एचटीएमएल चालवून घेतं, सीएसएस नाही. पार्सर तो अख्खा नियम गुपचूप टाकून देतो. स्वल्पविराम देऊन सोबत लिहिलेले सिलेक्टरही (नियम कशाला लागू ते सांगणारे भाग) त्यात जातात. आकडा एस्केप करता येतं (म्हणजे संकेताने लिहिता येतो), पण वाचणाऱ्याचे हाल. 'गाडी--डबे-१५' करा.

लोअरपरळकर: दोन्ही जमलं. सध्या सासमध्ये (सीएसएस तयार करून देणाऱ्या भाषेत) '&__वेळ' लिहितो. सास काढून ब्राउझरच्या स्वतःच्या नेस्टिंगवर (एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिणं) गेलो तर चालेल का?

हार्बरवाला: नाही चालणार. सास '&'च्या जागी मजकूर चिकटवतो; ब्राउझर '&'ला सिलेक्टर मानतो, त्यामुळे 'फलाट__वेळ' हा क्लास तयारच होत नाही. पूर्ण नाव लिहा, शोधायलाही तेच बरं. आणि नेस्टिंगच्या मोहात '.फलाट .वेळ' करू नका. त्याचं वजन (दोन नियम भिडले तर कोणता जिंकेल ते ठरवणारं) ०-२-०, एका क्लासचं ०-१-०. ते ओलांडायला पुढचा माणूस तीन क्लास लावतो, त्यापुढचा थेट '!इम्पॉर्टंट'.

सेमीकोलन: फॉरमॅटिंगवर वाद घालण्यात अर्थ नाही, प्रिटियर (कोड आपोआप फॉरमॅट करणारं टूल) लावा. स्पेस-इंडेंटचे नियम स्टाइललिंटने १६व्या आवृत्तीत काढूनच टाकलेत, जुन्या कॉन्फिगमध्ये असतील तर पुसा. प्रिटियरचा बदल गिटच्या स्वतंत्र कमिटमध्ये (बदलांच्या नोंदीत) ठेवा आणि त्याचा हॅश (नोंदीचा ओळख-क्रमांक) '.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' फाइलमध्ये टाका, नाहीतर ब्लेममध्ये (कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत) प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव येईल. नावं बदलणं त्या कमिटमध्ये मिसळू नका.

हार्बरवाला: नावं बदलण्याआधी जावास्क्रिप्टही चाळा. 'फलाट--' ला पुढे मार्गाचं नाव जोडून क्लास बनवला असेल, तर पूर्ण नावाने शोधून तो सापडत नाही. 'फलाट--' एवढंच शोधा.