इंग्रजीतील भविष्यकाळाचा सराव : रिकाम्या जागा भरून नेमके काय साधते?

धागालेखिका :

इंग्रजी व्याकरणाच्या बहुतेक सराव-पुस्तकांत भविष्यकाळाच्या धड्यानंतर एक ठरावीक पान येते. वाक्यातील एक जागा रिकामी सोडलेली असते, कंसात मूळ क्रियापद दिलेले असते आणि ‘विल’ किंवा ‘गोइंग टू’ लावून वाक्य पूर्ण करायचे असते. उत्तरसूचीत प्रत्येक जागेला एकच उत्तर बरोबर धरलेले असते. माझे मत असे आहे की रूप तोंडात बसवण्यापुरता हा सराव ठीक असला, तरी भविष्याविषयी इंग्रजीत बोलताना जी खरी अडचण येते तिला तो हातच लावत नाही, आणि पुष्कळदा चुकीची समजूत मात्र पक्की करून ठेवतो.

खरी अडचण रूप तयार करण्याची नाही. मराठीत जाईन, जाशील, जाईल, जाऊ, जाल, जातील अशी रूपे बदलत जातात. इंग्रजीत ‘विल’पुढे मूळ क्रियापद ठेवले की सर्व पुरुषांचे आणि वचनांचे काम भागते. अडचण आहे ती निवडीची. उद्या डॉक्टरांना भेटायचे आहे, एवढीच गोष्ट सांगायची आहे असे समजा. ‘आय विल सी द डॉक्टर टुमॉरो’ म्हटले तर बोलणाऱ्याने आत्ताच ठरवले किंवा कुणाला तसा शब्द दिला असे ऐकणाऱ्याला वाटते. ‘आय ॲम गोइंग टू सी द डॉक्टर टुमॉरो’ यात विचार आधीच पक्का झालेला असतो, मग वेळ घेतलेली असो वा नसो. आणि ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’ म्हटले की वेळ ठरली आहे हे न सांगता कळते. तिन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. मागचापुढचा संदर्भ न देता एकाच ओळीत रिकामी जागा सोडली, तर यांपैकी कोणते बरोबर हे उत्तरसूची तरी कशावरून ठरवणार?

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की सरावात आधी दोन-तीन ओळींचा प्रसंग द्यावा, एकच घटना शिकणाऱ्याने निदान दोन रूपांत लिहावी आणि त्या दोन वाक्यांनी ऐकणाऱ्याच्या समजुतीत काय फरक पडतो ते स्वतःच्या शब्दांत सांगावे. ‘विल यू बी युजिंग द कार टुनाइट?’ हा प्रश्न ‘विल यू यूज द कार टुनाइट?’पेक्षा अधिक सौम्य का वाटतो, याचा विचार ज्याने एकदा केला आहे, त्याला ते लांबलचक रूप पुन्हा अनावश्यक वाटणार नाही. पहिला प्रश्न समोरच्याचा आधीच ठरलेला बेत विचारतो. त्याच्यावर निर्णय घेण्याचा भार टाकत नाही.

शिकवणारा :

आपला निवडीचा मुद्दा मान्य आहे. परंतु त्यावरून काढलेल्या निष्कर्षाशी मी असहमत आहे. रूप तयार करणे सोपे आहे असे आपण गृहीत धरले आहे, आणि कागदावर ते खरेही आहे. मात्र बोलताना विचाराला सवड नसते. प्रश्न विचारायची वेळ आली की ‘व्हेअर यू विल गो?’ असेच तोंडून निघते, कारण कर्ता आणि साहाय्यक क्रियापद यांची अदलाबदल अजून अंगवळणी पडलेली नसते. ‘विल नॉट’ लिहिणाऱ्याला ‘वोन्ट’ ऐकू आले तरी ओळखता येत नाही आणि ‘आय विल’चे ‘आय्ल’ हे आखूड रूप कानांवरून निसटून जाते. ‘बाय जून शी विल हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स’ यासारख्या वाक्यात तर साहाय्यक क्रियापदांची रांग क्रमाने आठवण्यातच सगळी शक्ती खर्च होते. जे हातात आले नाही त्यातून निवड कशी करायची? तबला शिकणाऱ्याचे बोल आधी हातात बसतात, कोणता बोल कुठे शोभतो हे नंतर उमगते. येथेही पुनरावृत्तीला पर्याय नाही.

शिवाय, एकच उत्तर बरोबर असलेल्या जागाही कमी नाहीत. ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ हे वाक्य मनात घोळवणारा मराठी माणूस ‘व्हेन ही विल कम’ असे लिहितो. इंग्रजीला तेथे ‘व्हेन ही कम्स’ हवे असते. ‘व्हेन’, ‘अन्टिल’, ‘बिफोर’, ‘ॲज सून ॲज’ यांच्यापुढे भविष्यातील घटनाही साध्या वर्तमानकाळात येते. येथे अर्थच्छटांची चर्चा करून वेळ दवडण्यापेक्षा तीच रचना निरनिराळ्या क्रियापदांनी भरपूर लिहून घेणे अधिक उपयोगाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्याकरणप्रेमी :

आपण दोघेही ज्या पायावर उभे राहून वाद घालत आहात तो पायाच मला शंकास्पद वाटतो. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचा स्वतःचा प्रत्यय आहे, भविष्यकाळाचा नाही. ‘विल’ हे ‘मे’, ‘मस्ट’, ‘कॅन’ यांच्या कुळातील साहाय्यक क्रियापद आहे; जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ इच्छा असणे असा होता, तर ‘शॅल’चा अर्थ देणे लागणे असा होता. दारावरची घंटा वाजल्यावर ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणतात, तेव्हा भविष्याचा काही संबंध नसतो. तो या क्षणाविषयी बांधलेला अंदाज असतो. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी इंग्रजीला भविष्यकाळच नाही असे प्रतिपादन केले होते आणि पुढील अनेक व्याकरणकारांनी ते मान्य केले.

तरीही लॅटिनच्या साच्यात इंग्रजी बसवण्याची सवय जुनी आहे. इंग्रज गणितज्ञ जॉन वॉलिस यांनी 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात नियम घालून दिला की, पहिल्या पुरुषात ‘शॅल’ने नुसते भाकीत होते आणि ‘विल’ने वचन किंवा धमकी दिली जाते, तर दुसऱ्या व तिसऱ्या पुरुषात नेमके उलट होते. प्रत्यक्ष बोलणाऱ्यांनी हा नियम सरसकट कधीच पाळला नाही. पण शाळांतून तो पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतला गेला. आजही ‘विल’ म्हणजे भविष्यकाळ असे समीकरण शिकवले की शिकणारा प्रत्येक ‘उद्या’ला ‘विल’ चिकटवतो. त्यापेक्षा ‘इट विल रेन’, ‘इट मे रेन’ आणि ‘इट माइट रेन’ शेजारी ठेवून सराव द्यावा. बोलणाऱ्याची खात्री कशी उतरत जाते ते त्यातून दिसते.

धागालेखिका :

@व्याकरणप्रेमी, भाषाशास्त्रीय भूमिका म्हणून आपले विवेचन मला पटते. परंतु तक्त्यावर ‘भविष्यकाळ’ लिहिले काय किंवा ‘भविष्याविषयी बोलण्याच्या रीती’ असे लिहिले काय, शिकणाऱ्यासमोरचा प्रश्न बदलत नाही. ‘मे’ आणि ‘माइट’ यांना शेजारी बसवण्याची सूचना मात्र मी मनापासून स्वीकारते.

@शिकवणारा, पुनरावृत्ती नको असे माझे म्हणणे नाही. पुनरावृत्ती कशाची, हा माझा प्रश्न आहे. ज्या पानाच्या माथ्यावर ‘भविष्यकाळ’ असे ठळक छापले आहे, त्या पानाने सगळ्यांत अवघड काम शिकणाऱ्याच्या वतीने आधीच करून टाकलेले असते. आपल्याच उदाहरणांच्या शेजारी बसेल असे एक उदाहरण घेऊ. घरात फोन वाजतो आणि आपण मराठीत सहज म्हणतो, ‘थांब, मी घेते.’ येथे मराठी क्रियापद वर्तमानकाळी आहे. इंग्रजीत मात्र ‘आय्ल गेट इट’ म्हणावे लागते. ‘आय टेक इट’ चालत नाही. ‘मी उद्या फोन करतो’, ‘मी सांगतो त्याला’, ‘मी बघते काय करायचे ते’ ही सगळी वाक्ये याच जातीची आहेत. मराठी मनाला येथे भविष्यकाळाची चाहूलही लागत नाही, म्हणून ‘विल’चे रूप अचूक पाठ असलेला माणूसही ‘आय कॉल यू टुमॉरो’ असे म्हणून जातो. ही चूक रूप न आल्यामुळे होत नाही. येथे ते रूप हवे आहे हेच न जाणवल्यामुळे होते. ‘भविष्यकाळ’ या मथळ्याखालच्या शंभर रिकाम्या जागा भरल्या तरी ती जाण येणार नाही, कारण त्या शंभरही ठिकाणी भविष्यकाळ हवा आहे हे आधीच सांगून झालेले असते.

याला उपाय म्हणजे मिसळलेला सराव : एकाच उताऱ्यात भूतकाळ, वर्तमानकाळ आणि भविष्याची निरनिराळी रूपे यावीत आणि कोणत्या ठिकाणी काय लागेल हे शिकणाऱ्याने स्वतः ओळखावे. एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवताना प्रगती वेगाने झाल्यासारखी वाटते, पण मिसळलेल्या सरावातून शिकलेले बहुधा अधिक काळ टिकते, हे शिकण्याच्या प्रक्रियेवरील प्रयोगांत अनेक विषयांत दिसून आले आहे.

वाचनवेडी :

एवढा आटापिटा करण्याची गरज आहे का, असा प्रश्न मला पडतो. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी 1980च्या दशकाच्या आरंभी असे मांडले की भाषा आत्मसात होते ती समजेल अशी भाषा भरपूर ऐकून आणि वाचून. नियम जाणीवपूर्वक शिकून फार तर स्वतःचे लेखन तपासण्यापुरती मदत होते. माझा अनुभवही तसाच आहे. गोष्टींमधील संवाद वाचता वाचता ‘आय्ल गेट इट’ कुठे येते हे मला कळू लागले, आणि त्यासाठी मी एकही तक्ता पाठ केला नाही. फोन वाजल्याचा जो प्रसंग आपण रचून देणार आहात, तो कथेत आपोआप भेटतो, तोही माणसांसकट.

शिकवणारा :

वाचनाचे महत्त्व नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु केवळ समजण्यातून नेमके वापरणे येते असे नाही. कॅनडामध्ये फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करून भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी 1985 साली दाखवले की, वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून या मुलांचे आकलन फार चांगले झाले होते, तरी त्यांच्या बोलण्या-लिहिण्यातील व्याकरणात उणिवा राहिल्याच होत्या. वाचताना अर्थ लागला की मन पुढे धावते. ‘विल’ होते की ‘गोइंग टू’, याकडे थांबून पाहण्याची त्याला गरजच भासत नाही. शिवाय, ‘विल हॅव फिनिश्ड’सारखी रूपे कथेत इतक्या विरळ अंतराने येतात की त्यांच्या भरवशावर राहणाऱ्याला फार वाट पाहावी लागेल.

धागालेखिकेला मात्र एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. मिसळलेला सराव आणि दोन-दोन उत्तरे हे सगळे वर्गात शिक्षक समोर असेल तर जमेल. एकट्याने शिकणाऱ्याचे काय? त्याच्या हातात फक्त उत्तरसूची असते. उत्तर ‘दोन्ही चालतील’ असे लिहिले की तो गोंधळतो, आणि आपले चुकले की नाही हेच न कळल्याने सराव सोडून देतो. एकच उत्तर देणारी सूची अपुरी असेल, पण ती त्याला पुढच्या वाक्याकडे जाऊ देते.

धागालेखिका :

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सूची लिहिण्याच्या पद्धतीत आहे असे मला वाटते. ‘दोन्ही चालतील’ एवढेच लिहिणारी सूची खरोखर निरुपयोगी आहे. त्याऐवजी, ‘सामान आधीच बांधून झाले असेल तर गोइंग टू, पाऊस थांबल्याचे पाहून आत्ताच ठरवले असेल तर विल’ अशी एका ओळीची नोंद प्रत्येक उत्तराखाली असावी. आपण कोणता प्रसंग मनात धरला होता हे शिकणाऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे आपले उत्तर त्या प्रसंगाला बसते की नाही हे त्याला शिक्षकाशिवायही ताडून पाहता येईल. ‘व्हेन ही कम्स’सारख्या जागी मात्र एकच उत्तर द्यावे आणि दुसरे चूक का, तेही निःसंदिग्धपणे सांगावे.

शिकवणारा :

अशी सूची कुणी तयार केली तर मी ती आनंदाने वापरीन. परंतु क्रमाबाबत माझे मत कायम आहे : प्रश्नार्थक आणि नकारार्थी रूपे न अडखळता बोलता येईपर्यंत नुसती पुनरावृत्ती, आणि त्यानंतर आपला मिसळलेला उतारा. पहिल्याच दिवशी दोन्ही एकत्र दिले, तर ‘वोन्ट’शी झगडणारा शिकणारा अर्थच्छटेपर्यंत पोहोचणारच नाही.

धागालेखिका :

तेथे आपले मतभेद राहतील असे दिसते. फोन वाजल्यावर काय म्हणायचे हे पहिल्याच दिवशी सांगायला ‘आय्ल गेट इट’ हे तीन शब्द पुरतात, आणि ते तोंडात बसवताना रूपाचा सराव आपोआप होतो. प्रश्नार्थक वाक्ये येईपर्यंत त्याला थांबवून ठेवावे असे मला वाटत नाही.