अनुभव धागा: तालमीच्या फुटबॉल संघाचा इतिहास कसा जमवायचा?

कोल्हापुरात फुटबॉल क्लब म्हटलं की बहुतेक वेळा तालीमच. कुस्तीसाठी असलेल्या तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ उतरवले, म्हणून लाल मातीचा हौदा आणि फुटबॉलच्या ढाली एकाच छपराखाली दिसतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण संघाचा इतिहास विचारला की गाडी कपाटातल्या ढाली आणि वर्धापनदिनाच्या भाषणापाशी अडते. ज्यांनी हे काम हातानं केलंय त्यांनी पद्धत लिहावी. 'आमच्या वेळी' नको. काय कुठे मिळतं, कसं वाचायचं आणि कुठे फसायला होतं, एवढंच. सुरुवात माझ्याकडून.

दप्तर

सगळ्यात जास्त घोळ स्थापनेच्या वर्षाचा. प्रत्येक तालमीला तीन वर्षं असतात: तालीम सुरू झाली ते, फुटबॉल संघ पहिल्यांदा उतरला ते आणि संस्थेची नोंदणी झाली ते. फलकावर यातलं एकच असतं, आणि ते कुठलं हे कुणी सांगत नाही.

नोंदणीचं वर्ष काढणं सोपं. धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात नकलेचा अर्ज करून परिशिष्ट-१ चा उतारा मागायचा. नोंदणी क्रमांकाच्या आधी 'एफ' असेल तर ती संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली आहे. मग तो दुसरा क्रमांक आणि त्याची तारीखही घ्यायची. विश्वस्त व्यवस्थेचा कायदाच १९५० चा, त्यामुळे कुणी '१९४२ साली एफ नंबर मिळाला' म्हणालं तर ते वर्ष दुसऱ्या कशाचं तरी आहे. त्याआधी, म्हणजे १ मार्च १९४९ ला विलीनीकरण होईपर्यंत, इथे संस्थानचा कारभार होता. जागा, देणगी, परवानगी यांचे तेव्हाचे कागद पुराभिलेखागारात शोधायचे. शोध 'फुटबॉल' शब्दानं करू नका. तालमीच्या आणि पेठेच्या नावानं करा.

उताऱ्यासोबत जुने बदल अर्जही मागा. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली ते दाखल होतात, त्यामुळे कोणत्या सालात कारभारी कोण होते याची साखळी आपोआप लागते. मधली पाच-दहा वर्षं अर्जच नसेल तर कमिटी बदलली नाही असं समजू नका. अर्ज भरायचा राहून गेलेला असतो.

काल सायंकाळी

वर्तमानपत्रांसाठी 'सत्यवादी' आणि 'पुढारी'च्या जुन्या फायली. चौकशीला पहिली पायरी करवीर नगर वाचन मंदिर, ते १८५० पासूनचं आहे. तीन गोष्टी सांभाळा.

एक, अंकाची तारीख म्हणजे सामन्याची तारीख नव्हे. बातमीत 'काल' असेल तर एक दिवस मागे जा. 'रविवारी' असेल तर कॅलेंडर काढून पाहा. वहीत दोन्ही तारखा वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

दोन, हंगाम साधारण डिसेंबरात सुरू होऊन पावसाच्या तोंडावर संपतो. म्हणजे '१९७४ चे विजेते' या शब्दांना अर्थ नाही. १९७३-७४ की १९७४-७५ ते ठरवा. ढालीवर बहुधा बक्षीस समारंभाचं साल असतं.

तीन, एकाच तालमीचे 'अ' आणि 'ब' संघ असतात आणि बातमीत पुष्कळदा नुसतं तालमीचं नाव येतं. अकरा नावं सापडल्याशिवाय निकाल कुठल्याही खात्यात टाकू नका.

फोटो काढताना बांधील फाइल जबरदस्तीनं सपाट करू नये, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल ठेवून पान अर्धवट उघडंच ठेवा आणि फोन पानाला समांतर धरा. पहिला फोटो नेहमी तारखेच्या पट्टीचा. हे विसरलात तर घरी आल्यावर चारशे बेवारशी कात्रणं हातात उरतात.

चामडं-सुई

गटफोटोची तारीख काढायची असेल तर चेहरे नंतर, आधी कप्तानाच्या पायाशी ठेवलेला बॉल बघा.

लांबट पट्ट्यांचा, मध्ये बुटासारखी नाडी असलेला बॉल जुना. पट्ट्या साधारण अठरा. आत रबरी ब्लॅडर, त्याची नळी फुगवून दुमडून बांधायची, फटीतून आत सारायची आणि वरून नाडी आवळायची. नळी नीट बसली नाही की तिथे टेंगूळ येतं. फोटोत बॉल एका बाजूला फुगीर दिसतो तो त्यामुळे. हे चामडं पाणी पितं. नियमाप्रमाणे सुरुवातीला ४१० ते ४५० ग्रॅमचा बॉल ओल्या मैदानावर कितीतरी जड होतो, आणि नाडीच्या बाजूनं हेडर बसलं तर कपाळ सोलतं. पंचकोन-षटकोनांचा, ३२ तुकड्यांचा काळा-पांढरा बॉल १९७० च्या मेक्सिको विश्वचषकानंतर जगभर पसरला. तो फोटोत असेल तर फोटो बहुधा त्यानंतरचा. उलट मात्र खरं नाही: जुना बॉल फाटेपर्यंत शिवून वापरतात, शिवाय फोटोसाठी कपाटातला ठेवणीतला बॉल काढतात.

प्रत्यक्ष बॉल मिळाला तर शिक्का वाचा. सियालकोटचा शिक्का असेल तर तो बहुधा फाळणीच्या आधीचा. तिथले कितीतरी कारागीर १९४७ नंतर जालंधरला आले आणि पुढे बॉल तिथून येऊ लागले. जुन्या बॉलमध्ये हवा भरून बघायचा मोह टाळा. वाळलेला दोरा पहिल्या दाबालाच तुटतो. आत मऊ कागद हलकेच भरून आकार द्या, बस्स.

अनवाणी पायांवरून घाई नको. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू बूट न घालता खेळले होते आणि बुटांची सक्ती १९५२ च्या हेलसिंकीनंतर आली. पण पेठेतल्या पोराला बुटाची जोडी परवडणं ही वेगळी गोष्ट.

आणि रांगा मोजा. जुन्या धाटणीच्या फोटोत खुर्चीवर पाच फॉरवर्ड, मागे तीन हाफ, त्यामागे दोन बॅक आणि मध्ये गोली अशी मांडणी असते. ती तशी असेल तर नावं न लिहिलेल्या फोटोतही जागेवरून माणूस ओळखता येतो. मध्येच पदाधिकारी खुर्च्या अडवून बसले असतील तर मात्र हा हिशेब कोलमडतो. तसं बहुतेक वेळा होतंच.

गोल सरासरी

जुना गुणतक्ता आजच्या नियमांनी वाचलात तर विजेता चुकेल. विजयाला तीन नव्हे, दोन गुण. सामना ९० मिनिटांचा नव्हे, ७० चा. त्यामुळे 'शेवटच्या मिनिटाला, ६९ व्या मिनिटाला गोल' ही छपाईची चूक नाही. बरोबरी सुटली नाही तर पुन्हा सामना. पेनल्टी शूटआउट नियमात आलं १९७० ला. म्हणून एकाच अंतिम सामन्याचे दोन-तीन निकाल सापडतात, ते वेगवेगळ्या स्पर्धांचे समजू नका.

खरी गंमत समान गुणांची. आज गोलफरक बघतात, पूर्वी गोल सरासरी: केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. समजा एका संघानं १८ केले, ६ खाल्ले. दुसऱ्यानं २४ केले, ९ खाल्ले. गोलफरक १२ आणि १५, म्हणजे दुसरा वर. सरासरी ३ आणि २.६७, म्हणजे पहिला वर. तक्त्यात शेवटी दशांशाचा रकाना दिसला की फरकाचं गणित करूच नका. 'यांच्यावर अन्याय झाला' छापाच्या निम्म्या दंतकथा या रकान्यातून निघालेल्या असाव्यात, असं माझं मत.

लाइनमन

मैदानाच्या फोटोत पेनल्टी क्षेत्राबाहेरची अर्धकमान आहे का ते बघा. ती नियमात १९३७ ला आली. पण कमान नाही म्हणून फोटो त्याआधीचा, असं होत नाही. खुंटीला ९.१५ मीटर दोरी बांधून कमान मारायला दोन माणसं आणि वेळ लागतो; फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) कमी असली की सगळ्यात आधी कमानच गाळतात. गोलचे खांब जास्त भरवशाचे: चौकोनी लाकडी की गोल लोखंडी, जाळी आहे की नाही. एकाच मैदानाचे चार फोटो शेजारी ठेवले की क्रम लागतो.

भूकंपाआधी का नंतर

जुन्या खेळाडूला साल विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही, आणि विचारलं तर माणूस ठोकून देतो. खुणेच्या घटना विचारा: कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), ७२ चा दुष्काळ, आणीबाणी, ८३ चा क्रिकेटचा विश्वचषक. 'दादा, ती फायनल भूकंपाआधी का नंतर?' याला बरोबर उत्तर येतं.

दोघांना एकत्र बसवाल तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण दोघांची होते. आधी वेगवेगळं बोला, मग एकत्र. गोल कुणी मारला हे शेवटी विचारा. आधी विचारा तुम्ही कुठल्या जागी, डावीकडे कोण, मागे कोण. अकरा जागा भरल्या की वर्तमानपत्रातल्या यादीशी ताडून बघता येतं. आणि शिवाजी पेठेच्या सामन्याची हकीकत मंगळवार पेठेतही विचारायचीच. स्कोअर दोन्हीकडे सारखा निघतो. रेफ्री मात्र दोन वेगळे वाटावेत इतका बदलतो.

पंचगंगा

२००५, २०१९, २०२१: नदीचे मोठे पूर. पुरात भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका, चेहरे दुसऱ्याच्या पाठीवर जातात. गार स्वच्छ पाण्याच्या परातीत बुडवून ठेवा, आपसूक सुटतील तेवढेच सोडवा, कडेला धरून उचला आणि सावलीत टीपकागदावर चेहरा वर करून वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. दोन दिवसांत सगळे उरकणार नसतील तर उरलेले पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, पुढे सवडीनं काढता येतात.

ढालींना पॉलिश मारून मग फोटो काढायची पद्धत बंद करा. मुलामा पातळ असतो, घासून घासून अक्षरंच जातात. कोरलेलं वाचता येत नसेल तर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, किंवा अंधारात टॉर्च अगदी बाजूनं मारा. आणि ढालीची मागची बाजू बघा. पुढे देणगीदाराचं नाव मोठ्या अक्षरात असतं, पण खिळ्यानं खरवडलेला स्कोअर मागे सापडतो.